संपूर्ण नाव

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीची तब्येत? इकडे सगळं ठीक आहे (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, तीन दिवस मी घरी फक्त आंघोळीपुरता जातोय).

मंगळवारी तुम्ही वाचनालयाच्या साइटवर सभासद व्हायला गेलात. त्या साइटचा सर्व्हर आमची कंपनी सांभाळते. अर्जात 'आपले संपूर्ण नाव' असं होतं. दुसऱ्या कुणी नाव-आडनाव लिहून विषय संपवला असता. पण अर्धवट नाव लिहिणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करण्यात तुमची हयात गेली. तुम्ही आजोबा-पणजोबांसकट नाव, पदव्या, 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक', तीन मानपत्रं आणि शेवटी 'मोतीबिंदू असल्याने मोठ्या अक्षरांची पुस्तके द्यावीत' असं सगळं लिहिलंत. सातशे बारा अक्षरं. जागा होती चौसष्टची.

(आईला समजावलं तसंच सांगतो. नावासाठी एक डबा, शेजारी 'पुढे काय करायचं' याची चिठ्ठी. आलेलं नाव डब्यात मावेल का, हे कुणी मोजतच नव्हतं. तुमचं नाव ओसंडून चिठ्ठीवर सांडलं. सर्व्हर चिठ्ठी वाचायला गेला तर तिथे मोतीबिंदू. तो बिचारा कोसळला, आणि त्याच्याबरोबर चाळीस वाचनालयं. एखाद्या चोराने तिथे 'कुलपं उघड' असं बेतून लिहिलं असतं, तर आमच्या आज्ञाधारक सर्व्हरने तेही केलं असतं.)

साहेबांच्या मते हा परकीय हल्ला आहे. सुरक्षा विभागातल्या बाईंनी फळ्यावर 'मोतीबिंदू' लिहून त्याला लाल गोल केलाय. हा सांकेतिक शब्द असावा, असा त्यांचा कयास. मी मान डोलावतो. खरं सांगायचा दम माझ्यात राहिलेला नाही, मामा. प्रोग्राममधली ती न मोजणारी ओळ अकरा वर्षांपूर्वी कुणी लिहिली, हे शोधून सोमवारी अहवाल द्यायचाय. तो माणूस घरी बसणार, असं साहेबांनी सांगितलंय. शोधायचं काम माझ्याकडे आहे.

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : सर्व्हर आता मोजून घेतो. पुन्हा अर्ज करा, पण मानपत्रं वगळून.

ता. क. : तुमची वरची खोली रिकामी आहे का? सहज विचारतोय.

ता. क. : सहज नाही. ती ओळ माझीच आहे. अहवालात 'जबाबदार व्यक्तीचे संपूर्ण नाव' असा रकाना आहे. तुमचा विद्यार्थी म्हणून वडिलांच्या नावासकट लिहिलं. सगळं मावलं.