गच्चीवरच्या संडिग्यांचा पहारा

१ मे १९६२, मंगळवार. सकाळी सात.

आजपासून पंधरा दिवस प्रिव्हिलेज लीव्ह. ऑफिसात 'घरगुती काम' असं सांगितलं. खरं कारण या वहीपुरतंच.

काल ऑफिस लवकर सुटलं. चार वाजता जयनगरला घरी पोचलो तर तिन्ही मुलं गायब. शेजारच्या हयवदनरावांकडे खायला गेलेली. सुट्टी लागल्यापासून रोज जातात म्हणे. बोलावून घेतलं आणि विचारलं, आपल्या घरात काय दुष्काळ पडलाय? तर धाकटी प्रेमा, वय वर्षं पाच, म्हणाली, "रावांकडे चार वाजता खायला असतं. आपल्याकडे चार वाजता नुसते चारच वाजतात."

फार लागलं मनाला. तडक रावांच्या फाटकाशी गेलो आणि बजावलं, उद्यापासून आमची मुलं चार वाजता आमच्याच घरी खातील. राव 'सरी' म्हणाले, म्हणजे बरं. आत त्यांच्या मिसेस, पद्मावतीबाई, हसल्यासारखं वाटलं. खोकल्या असतील.

बायकोचं, म्हणजे मथुरेचं, म्हणणं असं की ती पहाटेपासून दुपारी दोनपर्यंत चुलीपुढे असते, मग साडेचारपर्यंत पाठ टेकते, आणि त्यात कुणी ढवळाढवळ केलेली तिला खपणार नाही. हौस आहे तर तुम्ही करा, म्हणाली. मी म्हटलं, करतो. रेकॉर्ड सेक्शनची एकोणीस कपाटं सांभाळणाऱ्या माणसाला तीन पोरांचं खाणं जड आहे काय?

'समर टिफिन प्रोग्रॅम' टाइप करून ठेवलाय. तीन कॉप्या. आज पन्हं.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

पन्हं उत्तम झालं. उन्हाळ्यात थंड पडतो म्हणून स्वल्प खायचा कापूर टाकला. स्वल्पचं प्रमाण कुठे लिहिलेलं नसतं, ही आपल्या स्वयंपाकघरांची जुनी गैरसोय आहे. नऊ वर्षांच्या त्रिविक्रमने पन्हं तळहातावर घेतलं, एक घोट प्यायला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. तीर्थ समजला गाढव. थोरली अहल्या म्हणाली की आता आरती कधी?

नंतर मुलं 'खेळायला' रावांकडे गेली. खेळायला जायची बंदी घातलेली नाही.

२ मे, बुधवार.

कोसंबरी. मुगाची डाळ भिजवायची, काकडी चिरायची, खोबरं, मीठ, लिंबू. विस्तव लागतच नाही. इतकी सोपी गोष्ट बायका वर्षानुवर्षं कपाळाला आठ्या घालून का करतात कळत नाही.

सगळं दुपारी बारालाच कालवून ठेवलं. ॲडव्हान्स प्लॅनिंग. चार वाजता झाकण काढलं तर डाळ पोहत होती. अहल्या म्हणते, पद्मावतीअक्का मीठ अगदी वाढायच्या वेळी घालतात. मी म्हटलं, ती जुनी पद्धत.

मुलं खेळायला गेली.

३ मे, गुरुवार.

चिवडा. लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत.

४ मे, शुक्रवार.

रोज रोज नवं करत बसणं ही मुळातली चूक. एकदाच करा, डबा भरा, महिनाभर तळा. सोयराअक्काला सोमवारीच कार्ड टाकलं होतं, तिचं गुलबर्ग्याहून उत्तर आलं. अक्का माझी थोरली बहीण, तिच्या हाताला जबर चव. साबुदाणा रात्री भिजव, पहाटे शिजव, मीठ, जिरं, हिरवी मिरची घाल, धोतरावर पळीने लहान लहान पापड्या घाल, तीन उन्हं दाखव, की झालं. ती पापड्या म्हणते, आम्ही बेंगळूरवाले संडिगे. फुलले की वस्तू एकच.

तीन उन्हं म्हणजे तीन दिवस. रविवार, सोमवार, मंगळवार. मंगळवारी चारला मुलं ताटाभोवती बसलेली असतील. प्रोग्रॅमच्या जुन्या कॉप्या फाडल्या.

६ मे, रविवार.

पहाटे पाचला उठलो. पातेल्याचं बूड स्वल्प लागलं, वरचं छान. माझं नवं धोतर गच्चीवर पसरलं, चार कोपऱ्यांना चार विटा, दोनशे बारा संडिगे घातले. मथुरेने नवं धोतर का, एवढंच विचारलं.

मुलांना गच्ची बंद. पहारा मी स्वतः. खुर्ची, छत्री, पेपर. जेवणानंतर विचार करायला डोळे मिटले असतील तेवढेच.

संध्याकाळी मोजले. एकशे सत्त्याऐंशी. कावळे.

७ मे, सोमवार.

दुसरं ऊन. आज एकशे एक्केचाळीस. खारी असाव्यात. कावळा पापडी टोचतो, अशी कडेपासून व्यवस्थित उचलत नाही.

पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आज मुलं रावांकडे गेली नाहीत! तिन्ही घरात. शिस्त म्हणतात ती ही. बाप घरात नुसता बसला तरी पुरतं.

८ मे, मंगळवार.

तिसरं ऊन साडेतीनला संपलं. ढग आले, सर आली. धोतर उचलून धावत खाली आणलं आणि पलंगावर अंथरलं. संडिगे अजून चिवट, चामड्यासारखे. अक्काने तीन उन्हं सांगितली, तीन झाली, म्हणजे कायद्याने ते वाळलेले आहेत. मथुरा म्हणते, गुलबर्ग्याचं एक ऊन म्हणजे बेंगळूरची चार. इथे दुपारी शाल लागते आणि तुम्ही अक्काचा हिशेब लावता. एवढं ठाऊक होतं तर रविवारी का बोलली नाही, असं मी विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणाली.

मुदत शनिवारपर्यंत वाढवली. मुलं आजही घरातच.

९ मे, बुधवार.

खारींवर उपाय म्हणून काठीला काळं कापड बांधून उभं केलं.

दुपारी एक हृद्य प्रसंग. आमची तिघं आणि रावांची दोन मुलं गच्चीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आम्हाला तुमच्याजवळ बसायचंय, म्हणाली. गच्ची बंद, हा माझाच हुकूम. पण एवढ्या प्रेमाने आलेल्या पोरांना कसं हाकलायचं? मी त्यांना रेकॉर्ड सेक्शनमध्ये फाइल कशी लावतात ते सांगायला घेतलं. इतकी शांत मुलं मी पाहिली नाहीत. सांगता सांगता जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा पाचही जण रांगेत बसलेली, तोंडं घट्ट मिटून. समजलं काय, विचारलं तर पाचही जणांनी नुसत्या माना हलवल्या. वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायचं नाही, ही रीत अजून शिल्लक आहे तर.

संध्याकाळी शहाण्णव. काळ्या कापडाचा खारींवर परिणाम दिसत नाही.

१० मे, गुरुवार.

विजय. हयवदनराव स्वतः वाटी घेऊन आले. चार वाजता मुलं येईनाशी झाली, कुणी आजारी तर नाही ना, असं पद्मावतीबाईंनी विचारायला पाठवलं होतं. वाटीत कोडबळी, इकडची कडबोळी. मी नम्रपणे सांगितलं की मुलांना आता घरचं गोड लागतं. राव 'सरी, सरी' म्हणाले आणि संडिगे बघायला वर आले. वाळलेत काय म्हणून एक तोंडात टाकला. मग खात्री करायला दुसरा. तिसऱ्याच्या वेळी काही बोलले नाहीत.

कोडबळी बरी होती. मीच संपवली.

१२ मे, शनिवार.

उद्या चार वाजता तळण. रावांना सहकुटुंब आमंत्रण दिलं, फाटकाशी उभं राहून, मुद्दाम मोठ्याने. आज सात उन्हं पुरी झाली. खारींचा उपद्रव फार वाढलाय, एकदा तर मला जिन्यात पैंजणांचा आवाज आल्यासारखा वाटला. मथुरेला विचारलं तर ती म्हणाली, मी झोपले होते.

१३ मे, रविवार. संध्याकाळी.

लिहायचं नव्हतं. पण वही खोटी ठेवायची नाही.

पावणेचारला मथुरेने कढईत तेल तापवलं. रावांची मंडळी पाटांवर बसली. मी संडिगे आणायला गच्चीवर गेलो. धोतर होतं. चार विटा होत्या. संडिगे अकरा.

अकरा तर अकरा, म्हणून तळले. एकही फुलला नाही. मधे ओले, कडेला दगड. रावांनी एक दाताखाली धरला आणि तसाच धरून बसले.   दोन आठवडे ज्याच्यासाठी आटापिटा केला, ते सगळं त्या ताटात पडलेलं होतं.

तेवढ्यात प्रेमा म्हणाली, "अप्पा, तळू नका ना. ओलेच छान लागतात."

मग सगळं बाहेर आलं. गेल्या रविवारपासून खेळ चालला होता. अप्पा घोरायला लागले की एकाने वाकून एक उचलायचा. घोरणं थांबलं की आहे तिथे पुतळा व्हायचं. हलला तो बाद. नियम अहल्येने केलेले. मी मथुरेकडे पाहिलं. ती तेलाकडे पाहत होती. तिचे म्हणे चौपन्न झाले होते, सगळ्यांत जास्त. आणि काल पद्मावतीबाईही आल्या होत्या, मागच्या जिन्याने.

मी घोरत नाही, हे स्पष्ट सांगितलं. त्यावर रावांनीही खाली पाहिलं.

म्हटलं, मला आधी का सांगितलं नाही? अहल्या म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही जागे राहिला असता. मथुरेने गॅलरीत नेऊन वेगळं सांगितलं. तुम्हाला पोरं घरात हवी होती ना? आठवडाभर एक पोर उंबऱ्याबाहेर गेलं नाही, उलट शेजारची इथे आली. आणखी काय हवं?

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी आत जाऊन कढई उतरवली.

रजेचे दोन दिवस उरलेत. पक्का निश्चय केला होता की यापुढे स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आणि पुन्हा दुपारी डोळा लावायचा नाही. तेवढ्यात प्रेमा मांडीवर येऊन बसली. चेहरा अगदी काळजीचा.

"अप्पा, उद्या झोपाल ना?"

मी म्हटलं, बघू.

साबुदाणा भिजत घातलाय. यावेळी जरा जास्त.