हाकेला ओ

२७ ऑक्टोबर
पोहोचलो एकदाचा क्यालुवेरेला. मोटरसायकलवाल्यानं मला, माझ्या गादीला आणि भेट मिळालेल्या कोंबडीला चॅपलच्या दारात उतरवलं, तेव्हा बायकांनी असा गलका केला की क्षणभर मलाच वाटलं, बिशप आले की काय. इथला आधीचा धर्मशिक्षक दोनोझियो लुयोम्ब्या ऑगस्टमध्ये वारला. त्याची जागा आता माझी. रविवारी प्रार्थना चालवायची, पोरांना धर्म शिकवायचा, आणि कोणी मरणाला टेकलं तर टेकडीपलीकडच्या मिशनवरून फादर बाझिलना घेऊन यायचं.

घरही दोनोझियोचंच. मागच्या खोलीत त्याची विधवा पेरेपेतुआ राहते. सगळं गाव तिला जाजा, म्हणजे आजी, म्हणतं, मीही म्हणतो. म्हातारीच्या डोळ्यांत फुलं पडली आहेत, पण जीभ शाबूत आहे. आल्या आल्या कूळ विचारलं. मांबा माशाचं, असं सांगितलं. दोनोझियोचंही तेच म्हणे, म्हणजे कुळाचा मासा खायचा नाही, घरातही नको, ही कटकट तिला सवयीची. मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याचं कालवण पोटभर हाणलं. इथं माझं मस्त चालणार.

३१ ऑक्टोबर
पोरांना मरणानंतरचा न्याय शिकवला. श्वास सुटला की जीव तत्क्षणी ख्रिस्तापुढे उभा, एकटा. तिथं बाप नाही, भाऊ नाही, कूळ नाही. आयुष्य जसं असेल तसा निवाडा: स्वर्ग, शुद्धिस्थान, नाहीतर नरक. एका पोरीनं विचारलं, तिथं वारस पाठवला तर चालेल का? वर्ग हसला, मीही हसलो.

पोरीचं तरी काय चुकलं म्हणा. दोनोझियोला मूल नाही आणि वारस उभा राहिल्याशिवाय त्याचं शेवटचं कार्य होत नाही, यावरून गावात चर्चा चालू आहे. वारसाच्या खांद्यावर झाडाच्या सालीचं वस्त्र टाकतात आणि मेलेल्याच्या नावानं हाक मारतात. त्यानं ओ दिली की तो त्या जागी बसला. कुळातले दोन पुतणे आहेत, पण दोघंही टाळाटाळ करताहेत.

२ नोव्हेंबर
मृतांचा दिवस. थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडून आलो आणि अंगणात सगळे जेवायला बसलो. जाजानं केळीच्या बागेकडे तोंड करून हाक मारली, "दोनोझियो, जेवायला या हो!" सवयीनंच, बिचारी. मला इतकं वाईट वाटलं, की तोंडातला घास गिळून मीच ओ दिली.

बायका हसून हसून लोळल्या. "मिळाला गं जाजा तुझा म्हातारा, आणि चांगला कोवळा होऊन आलाय!" जाजा हसली नाही. चाचपडत आत गेली, सालीचं वस्त्र आणलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. धुराचा वास येत होता त्याला. मीही मजेत पांघरून बसलो.

५ नोव्हेंबर
दुपारी बागेतून कोणीतरी "दोनोझियो" अशी हाक मारली. पुरुषाचा आवाज, धाप लागलेला. जाऊन पाहिलं, कोणी नव्हतं. गावातली टवाळ पोरं असतील.

९ नोव्हेंबर
हाक रोज येते. शेवटी जाजाला विचारलं. ती शेंगा सोलत होती, हात थांबला नाही. म्हणाली, तो गर्वासियो, बागेपलीकडचा. बांधावरून दोघांचं वैर होतं. गेल्या वर्षी तो मरायला टेकला तेव्हा फादरना आण म्हणून हाका मारत होता, पापनिवेदन करायचं होतं त्याला. दोनोझियो इथंच जेवत होता. "मी म्हटलं, अहो, तो बोलावतोय. तर म्हणाले, बोलावू दे. जेवण संपवलं, हात धुतला, तोवर गर्वासियो गेला."

मग तिनं माझा हात धरला. "तेव्हापासून त्यांनाच मरणाची धास्ती. फादरपुढे तोंड उघडलं नाही शेवटपर्यंत. तिथं एकट्यानं उभं राहायचं ना, बाळा. पण आता तू ओ दिलीस. आता त्यांच्या जागी तू आहेस."

मायेनं बोलत होती. मी मात्र हात सोडवून घेतला.

१२ नोव्हेंबर
मिशनवर गेलो. फादर बाझिलपुढे गुडघे टेकून सगळं सांगितलं. ते वैतागले. म्हणाले, आंब्रोझी, तू शिकवतोस काय आणि मानतोस काय? दुसऱ्याच्या पापाची क्षमा मी तुला कशी देऊ? तुझं स्वतःचं काय ते बोल. मग मी आळस सांगितला, खादाडपणा सांगितला. त्याची क्षमा मिळाली.

ज्याची भीती वाटते ते पाप मात्र होतं तिथंच आहे. वाटेत ठरवलं, यापुढे त्या नावाला ओ द्यायची नाही. तेवढं माझ्या हातात आहे.

१५ नोव्हेंबर
कानात कापूस. तरी ऐकू येतं. जाजाला ताप भरलाय, तीही आता मला दोनोझियोच म्हणते. म्हटलं, जाजा, आंब्रोझी म्हण. म्हणाली, बरं, दोनोझियो.

१७ नोव्हेंबर
दुपार. हाक — आज बागेतून नाही, भिंतीपलीकडून. "दोनोझियो, फादरना आण." आवाज जाजासारखा. गर्वासियोचं सोंग असेल. ओ दिली की मी संपलो —

समोर ताट आहे. मी जेवतो आहे.

आवाज बारीक झाला. थांबला. देवाचे उपकार.

१८ नोव्हेंबर
जाजा गेली. सकाळी बायकांनी दार उघडलं. ती भिंतीला टेकून — माझ्या बाजूच्या भिंतीला. फादरना का नाही आणलं, असं विचारताहेत. मी म्हणालो, तिनं हाक मारलीच नाही.

खोटं बोललो.

दुपार. बाग गप्प. दोनोझियोला आज कोणी बोलावत नाही.

हे पाप त्याचं नाही. माझं आहे, माझं स्वतःचं. म्हणजे सांगता येईल, क्षमा मिळेल — आत्ताच मिशनवर — पळत गेलो तर —

छातीत कळ —

दार उघडं आहे. दारात इतका उजेड —

हाक आली. आंब्रोझी म्हणून. मी ओ