तेलाचा डाग, खिडकीपाशी

शिळफाटा, खोपोली
ता. १४ जानेवारी २०२५

मेहनाज,

अस्सलाम अलैकुम. इकडे सगळी खैरियत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून चिठ्ठी. हसू नको, दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहितोय. आपली पोर रजिया बरी आहे, डाळ माझ्यापेक्षा चांगली करते.

खालापूरजवळ एका बंद घरात पिच्चरचं रंगकाम मिळालं. लवस्टोरी, पण नाच नाय, गाणं नाय. दिग्दर्शक सोनालीमॅडम. कॅमेरा एका जागी ठेवून बसतात, उजेड फक्त खिडकीचा. मला म्हणाल्या, "कमालभाई, यात नवराबायको एकमेकांना हातपण लावत नाहीत. वीस वर्षांचं प्रेम मला भिंतीवर दिसायला हवं." मी मनात म्हटलं, या अल्ला, बाईचं डोकं फिरलंय!

आधी हिरवा मारला. मग तोच पॉलिश पेपरने घासला, वर चहाचं पाणी फिरवलं, चुलीमागे काजळी धरवली. नवीन भिंत जुनी करायची, सगळा उलटा धंदा. शेवटी डोकं टेकायच्या जागी खोबरेलाचे दोन डाग पाडायचे होते. मॅडम म्हणाल्या, शेजारी शेजारी पाडा. मी म्हटलं, "छे हो! बाई तांदूळ निवडते, तिला खिडकी लागते. नवरा समोर दारापाशी टेकतो. तिथून ती दिसते."

मॅडमनी दोन्ही जागी स्वतः टेकून बघितलं. मग सीन तसाच घेतला. ती खिडकीपाशी, तो दारापाशी, मध्ये रिकामी जमीन. मला विचारलं, "हे कोणी शिकवलं?" मी सगळ्या युनिटसमोर म्हटलं, "माझ्या बायकोने."

तिथे बरं तोंड उघडलं! तू वर्षभर म्हणत होतीस, पोरीला बघायला येतील, भिंतींना एक हात मारा. मी लोकांची घरं रंगवत फिरलो, आपलं राहिलं. पाहुण्यांनी भिंतीकडे बघितलं, तू माझ्याकडे. आणि मी त्यांच्यासमोर बोललो, "घर माझं आहे, तुझ्या बापाचं नाय." अजून कानात वाजतं ते.

एक गोष्ट सांगायची टाळत होतो. तू माहेरी गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी मी घर रंगवलं. तुला आवडतो तो फिका आसमानी, दोन हात. वाटलं, ऐकून येशील. परवा शूटिंगवरून आलो, दारापाशी टेकलो आणि खिडकीकडे बघितलं. भिंत कोरी. तुझा डाग मीच पुसला, मेहनाज. खूप रडलो. रजियाने पाणी आणून दिलं.

काल त्या पाहुण्यांकडे जाऊन आलो. म्हटलं, त्या दिवशी चूक माझी होती, तिची नाय. त्यांनी चहा पाजला.

रविवारी कर्जतला येतो. अब्बांना दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर घरीच थांबायला सांग. त्या दिवशी तुझ्या बापाचं नाव मी घेतलं, म्हणून माफी पण त्यांच्यासमोरच मागणार. मग यायचं की नाय, ते तू ठरव. नाय म्हणालीस तर वाद घालणार नाय, पुढच्या गाडीने परत फिरेन.

तू ठेवशील तर तुझा,
कमाल