वसंताच्या जागी पीटर

अंधेरी. रविवार, जानेवारी १९५५.

म्हातारे, माझी मलाच सांगते, उद्या नात हे पान वाचून दाखवेल तेव्हा "मी कुठं जळले?" म्हणशील. सोयीचं तेवढंच तुझ्या लक्षात राहतं, म्हणून त्याच नातीला, कुसुमला, लिहायला सांगते: जळलेच.

आज जुहूच्या विमानांच्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत झाली. शेठजींची लाल गाडी इतकी वर्षं माझा वसंता पळवायचा. आज तीत शेजारच्या मार्थाचा पीटर बसला आणि वसंता दोरीच्या अलीकडे, बघ्यांत उभा. त्या पोरानं डोळ्यांवर शर्यतीचा चष्मा तरी कुणाचा लावावा? वसंताचाच. त्याचा पट्टा मी शिवला होता.

पीटर जिंकला. संध्याकाळी मार्था केक घेऊन आली. "तुज्या वसंतानंच शिकवलं गो त्याला." मी गोड हसले. केक चांगला होता, मेला.

वसंताला आता सत्तेचाळिसावं लागलं. शेठजी म्हणतात, घरची गाडी चालव, नाहीतर पुढच्या शर्यतींसाठी पीटरला आणखी तयार कर. मी म्हटलं, "त्यापेक्षा टॅक्सी चालव. दुसऱ्याच्या पोराला कशाला घडवतोस?"

"आई, टॅक्सीत बसलो तर लाल गाडी पुन्हा हाताला लागणार नाही. पीटर चुकला की दाखवायला तरी तीत बसेन ना."

बरं. पण चष्मा द्यायची काय गरज होती? पट्टा मी शिवला होता.

उद्यापासून तो रोज पीटरला शिकवायला जाणार. कुसुम, डब्यात दोघांपुरती घावनं पाठव. नारळाचा रस मात्र वसंतापुरताच.