बॅगेचा दुसरा तळ

प्रिय बाबा,

तुमची प्रवासाची बॅग तयार झाल्याचं कळलं. आईने फोनवर सगळं फोडलं, पण तिच्यावर रागावू नका. तिला हसू इतकं अनावर झालं होतं की आधी मला काही समजेचना. बाबांनी बॅगेला खालून दुसरा तळ बसवलाय, त्याला आतून चोरकुलूप केलंय, आणि मला म्हणतात कपड्यांना हवा लागावी म्हणून केलंय, असं ती सांगत होती. कपड्यांना हवा! त्या तळात परसातल्या द्राक्षांची तुमची वाइन, लोकरी मोज्यात गुंडाळून, अगदी मापात बसते हेही तिने बघून ठेवलंय. जन्मभर गावाची कुलपं उघडून दिली, आणि स्वतः काही लपवायला गेलात तर बायकोला पहिल्याच दिवशी सापडलं. मी ही गंमत इथे जहाजावर माझ्यासोबत कामाला असलेल्या सगळ्यांना सांगितली. बेकरीतला एकजण तर हातातलं पीठ सांडेपर्यंत हसला.

आता जरा माझं ऐका. तुम्ही त्या कपड्यांखाली पितळी कुलूप बसवलंय. आमच्या सामान तपासायच्या मशीनवर कपडे धुक्यासारखे दिसतात आणि पितळ अगदी उठून दिसतं. म्हणजे बाटली एक वेळ नजरेतून सुटली असती, पण तुमचं कुलूपच बोट दाखवून सांगणार की इथे बघा. जहाजावर चढताना पट्ट्यावर बॅग ठेवावी लागते आणि पलीकडे एक बाई पडद्याकडे बघत बसलेली असते, जी कुणालाच आवडत नाही, ती बाई मी आहे हे तुम्ही विसरलात की काय? लहानपणी तुम्ही दुकानात माझ्या कानाशी कुलूप धरायचात आणि म्हणायचात, उघडू नकोस, आत काय चाललंय ते ऐक. आता दिवसभर मी न उघडता आतलं बघते. तुमचीच विद्या आहे, फक्त कानाऐवजी डोळे लागतात.

आणि बाबा, लोक काय काय करतात! एका आजोबांच्या दुर्बिणीतून काहीच दिसत नव्हतं, कारण दोन्ही नळ्यांत रम होती. तीन बहिणी आल्या होत्या, तिघींच्या कंबरा दुखत होत्या आणि तिघींकडे शेकायच्या रबरी पिशव्या होत्या. पिशवीचं बूच काढलं तर वासानेच शेक बसला. थोरली मला म्हणाली, अगं, डॉक्टरांनीच सांगितलंय, आतून शेका म्हणून. एका गृहस्थाने मोठा पाव पोखरून आत बाटली घातली होती. तो पाव तपासायला बेकरीतून माणूस बोलावला. हाच तो, पीठ सांडणारा. त्याने बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. पाव दाबला, वास घेतला आणि गृहस्थांना म्हणाला, दारूचं राहू द्या हो, पण हा असला पाव घेऊन तुम्ही माझ्या जहाजावर येताच कसे? ते गृहस्थ दारूपेक्षा पावामुळेच जास्त ओशाळले. त्या दिवसापासून तो सकाळी मशीनपाशी एक गरम पाव ठेवून जातो. तपासणीसाठी, असं म्हणतो.

नियम काही फार जाचक नाही. दुकानातली सीलबंद वाइन मोठ्या माणसाला एक बाटली हातात घेऊन उघडपणे नेता येते. बाकीच्या सीलबंद बाटल्यांना चिठ्ठी लावून आम्ही कुलपात ठेवतो आणि उतरायच्या सकाळी परत देतो. दुर्बीणवाल्या आजोबांसारख्यांचं मात्र ओतून द्यावं लागतं. घरी केलेल्याचंही तसंच. आत काय आहे ते कुणी सांगावं, म्हणून ती तिथल्या तिथे बेसिनमध्ये ओततात. मी पुष्कळ ओतली आहे. मालक शेजारी उभा राहून शेवटच्या थेंबापर्यंत बघतो. तुम्हाला तसं उभं बघायची माझी छाती नाही.

पण खरी भीती वेगळीच आहे, आणि ती आईलाही आहे. तुम्ही बाटली ओतू देणारच नाही. तुम्ही परत फिराल. काकाच्या नव्या घराचं जेवण हॉटेलात होतं तेव्हा दारावरच्या माणसाने बाहेरची वाइन आत चालत नाही म्हटलं, तर तुम्ही त्याला नमस्कार केलात, बाटली काखेत मारलीत आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलात. आतले सगळे एकेक करून तुम्हाला समजवायला आले आणि तिथेच बसले. शेवटी हॉटेलात काकू एकटी उरली. तेव्हा मजा वाटली होती. पण टपरीसारखं जहाज समोर थांबून राहत नाही, बाबा. शिडी वर घेतात आणि ते निघतं. जमीन असताना माणसाने पाण्यावर कशाला राहायचं, असं म्हणणारे तुम्ही इतक्या वर्षांनी माझ्या जहाजावर यायला तयार झालात. या फेरीला तुम्ही धक्क्यावरून परत गेलेलं मला चालणार नाही. एरवी चाललं असतं, या फेरीला नाही.

बरं, बॅग माझ्या हातात येईल या भरवशावर राहू नका. नातेवाइकांची तपासणी आम्हाला करता येत नाही. तुमच्या बॅगेसमोर आमच्या मोठ्या बाई असतील. त्यांनी एकदा कॅप्टनच्या मेहुण्याची बाटली ओतली आणि वर त्यालाच बेसिन पुसायला लावलं. म्हणून मी काल सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. चोरकप्पा, मोजे, पितळी कुलूप, टपरी, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, चांगली असते का गं? मी म्हटलं, पहिला घोट आंबट, मग चांगली. त्या म्हणाल्या, हे बघ, माझी हद्द पट्ट्यापासून सुरू होते. पट्ट्याच्या अलीकडे धक्का आहे, तिथे बाकं आहेत, सावली आहे. तिथे कुणी बसून काय प्यालं, ते बघायला मला वेळ नाही. फक्त झोकांड्या खात शिडी चढायची नाही आणि बाटली रिकामी झाल्याशिवाय माझ्यासमोर आणायची नाही.

तेव्हा तो दुसरा तळ काढून टाका आणि बाटली राजरोस हातात घेऊन या. गाडी जरा लवकरची पकडा. आईला स्टीलचे पेले घ्यायला सांगा, काचेचे नकोत. दोन नाही, सहा. सहा कशाला, असं ती विचारेल, म्हणून तर हे पत्र. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मला मधे शिरता येत नाही. बेकरीतल्या माणसाचे आईवडीलही याच फेरीला येताहेत, चढणाऱ्यांच्या त्याच रांगेत. त्याची आई फारसं बोलत नाही आणि वडील थांबत नाहीत, तुमच्या वाइनचा दोघांनाही उपयोग होईल. आम्ही दोघं मात्र कामावर असू, त्यामुळे आमच्या पेल्यांत पाणी. त्याने मला विचारलं तेव्हा, आधी बाबांना भेट, मग सांगते, असं म्हणायचं मी पक्कं ठरवलं होतं. पण तोंडातून हो निघून गेलं. त्यामुळे परवानगीचं काम काही तुमच्याकडे उरलेलं नाही. ओतायचं तेवढं उरलंय, आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

तुमचीच,
वाट बघणारी धाकटी