त्रेचाळीस इंचांत कोण कोण मावतं

हर्सूल, सोमवार

तीर्थस्वरूप लक्ष्मीवन्संना,

नळाला पाणी आलं की मी आधी पिंप भरायचे, मग हंडे, मग घरातली झाडून सगळी पातेली, आणि सगळ्यात शेवटी वरच्या खोलीतली भिंत घासायला जायचे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि हातात काथ्या. तुमचे भाऊ दिवाणावर बसून भिंतीला डोकं टेकायचे, त्या जागी तेलाचा डाग पडलेला. मी घासत असले की ते चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "अगं, रंग निघून चालला, तेल तिथंच हाय." खोटं नव्हतं ते. बावीस वर्षं मी त्या डागाशी भांडले आणि एकदाही जिंकले नाही.

पत्र असं मधूनच सुरू केलं म्हणून रागावू नका. तुम्हाला वाकून नमस्कार. (सध्या वाकले की उठायला खिडकी धरावी लागते, तरी नमस्कार पूर्ण धरावा.) दाजींचा गुडघा कसा आहे? तुमची साखर किती निघाली ते कळवा, आणि चहात घालता ती मोजू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय असं मागच्या वेळी म्हणालात, ते मला काही पटलेलं नाही. माझं बरं आहे. पौषात ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. सकाळी अजून दोन कप काढले जातात, पण आता एक लगेच परत ठेवते.

तर विषय टीव्हीचा आहे.

ऋतुराजनं पुण्यात बसून ठरवलं की वरची खोली रिकामी ठेवण्यापेक्षा पर्यटकांना द्यायची. वेरूळ-अजिंठा बघायला लोक येतात, दोन दिवस राहतात, जातात. फोनवर खोलीचे फोटो टाकायचे आणि लोक तिथूनच ठरवतात. मी हो म्हणाले. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजलेली बरी. (पाणी आठवड्यातून एकदा येतं हे फोटोत दिसत नाही, ते मी समोरासमोर सांगणार आहे.) मग यादी आली. पांढऱ्या चादरी, चहाची किटली, भिंतींना नवा रंग आणि भिंतीवर टीव्ही. टीव्ही किती इंची, हा हिशेब ऋतुराजनं फोनवरच केला. पलंगापासून भिंत किती फूट, त्याला कशानं तरी भागलं आणि उत्तर आलं बत्तीस. "आई, बत्तीस बास. लोक लेणी बघायला येतात, टीव्ही बघायला नाही."

आता तुम्हाला खरं सांगते, ऋतुराजला सांगितलेलं नाही. मला बत्तीस नको होता, कारण बत्तीसमागं डाग झाकत नाही. रंगारी काकासाहेब येऊन भिंत बघून गेला आणि म्हणाला, "काकू, हे तेल लई मुरलंय. खरवडून पुट्टी भरावी लागंल." मी तोंडानं हो-हो म्हणाले. बावीस वर्षं जो घालवायला घासला तोच आता कुणी खरवडणार म्हटल्यावर मला चालेना. त्या डागाला निम्म्या तुम्ही जबाबदार आहात, वन्सं. दर दिवाळीला सिल्लोडहून माक्याच्या तेलाची बाटली तुम्हीच पाठवायचात. त्या तेलाचा हिरवट-काळा रंग अजून तसाच आहे.

मग मी विचार केला की टीव्ही समोरच्या भिंतीवर लावण्याऐवजी याच भिंतीपाशी ठेवला, तर मागची भिंत कोण बघतंय? पाहुण्यांना टीव्ही दिसेल, डाग त्याच्या आड राहील, काकासाहेब आजूबाजूनं रंग मारील. त्यासाठी पलंग फिरवावा लागला आणि त्यात पाहुण्यांचं डोकं उत्तरेला आलं. पण जे फोनवर खोली घेतात ते होकायंत्र घेऊन झोपत नसावेत.

राहिलं माप. ब्लाउजं शिवून माझं आयुष्य गेलं, मापाची टेप माझ्या गळ्यातच असते. पण डाग एक नाही, दोन आहेत. तुमच्या भावांच्या शेजारी मोहियोद्दीनभाईंचा. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये दोघं एका पाळीला होते. तुमचे भाऊ इंजिन उघडायचे, मोहियोद्दीनभाई सीटांना कापड चढवायचे. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांना मोहियोद्दीनभाई आपल्याकडं हजर. दोघं दिवाणावर, दोन्ही डोकी भिंतीला. मोहियोद्दीनभाई थंडाव्याचं लाल तेल लावतात, म्हणून त्यांचा डाग जरा तांबूस आहे.

मी दारात पोळ्या लाटत उभी असायचे. (उभ्यानं पोळ्या लाटणारी बाई तुम्ही दुसरी पाहिली नसेल. तेव्हा स्वयंपाकघर वरच, या खोलीला लागून होतं; ओट्यावरून टीव्ही दिसायचा नाही, म्हणून पोळपाट मी दाराजवळच्या टेबलावर आणला होता.) तेव्हा तो एकवीस इंची डबा होता आणि बातम्यांच्या खाली अक्षरांची पट्टी पळायची. माझी शाळा दुसरीत सुटली. पुढचं वाचायला मला त्या पट्टीनं शिकवलं. शब्द डावीकडं पळून जायच्या आत धरायचा, नाहीतर तो पुन्हा फिरून येईपर्यंत पोळी करपायची. ह्यांना चष्मा लावूनही ती पट्टी दिसत नसे. "काय लिवलंय गं?" विचारायचे. मी सांगायचे. मोहियोद्दीनभाई म्हणायचे, "भाभी, तुमकू तो बातम्या वाचायला बिठाना चाहिए." सुरुवातीला मी चुकीचंही सांगायचे. एकदा एका मंत्र्याला मी पडायच्या दोन दिवस आधीच पाडलं होतं. दोघांनी ते खरं मानून चहा मागवला.

असो. एका डागाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं, बरोबर चाळीस इंच भरलं. दुकानात गेले आणि त्रेचाळीस इंची मागितला. म्हटलं, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच शिलाईला राहतं. दुकानदारानं विचारलं, "बसायचं अंतर किती?" मी म्हटलं, "अंतराचं सोडा, रुंदीचं बोला." तो हसला, पण का हसला ते मला टीव्ही घरी आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस टीव्ही आणि ड्रिल घेऊन आला. लोखंडी चौकट भिंतीत ठोकायची म्हणून त्यानं पेन्सिलनं चार फुल्या मारल्या, त्यातल्या दोन थेट तुमच्या भावांच्या डागात. मी ओरडले, "तिथं वायर हाय." तो म्हणाला, "काकू, इथं कुठं वायर असती?" मी म्हणाले, "माझ्या नवऱ्यानं टाकलीय, त्यांचं त्यांनाच माहीत." मेलेल्या माणसाच्या वायरिंगवर कोण वाद घालणार? टीव्ही टेबलावर ठेवायचं ठरलं. ठेवला, भिंतीला टेकवला आणि मी दोन पावलं मागं आले.

वन्सं, मोहियोद्दीनभाई अडीच इंच बाहेर.

टेप लावली तर टीव्ही साडेसदतीस इंच. पुन्हा लावली, तरी साडेसदतीस. खोका धुंडाळला, आतलं पुस्तक हिंदीतून सगळं वाचून काढलं, तेव्हा कळलं की टीव्हीचं माप या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, तिरकं घेतात. तिरकं. मी अशी मापं घेतली असती तर हर्सूलमधल्या एकाही बाईच्या अंगात ब्लाउज गेला नसता.

तुमचे भाऊ मात्र पूर्ण मावले. आयुष्यभर टीव्हीसमोर बसले, आता मागं बसलेत.

रात्री ऋतुराजचा फोन आला. टेबलावरच्या टीव्हीचा फोटो पाहून म्हणाला, एवढा मोठा कशाला, आणि उलट्या भिंतीला का. सात दिवसांत बदलून मिळतो, तो परत करून बत्तीस आण, जुन्या जागी लाव आणि ती भिंत पूर्ण रंगवून घे, गुरुवारी फोटो लागतात. मी "बघते" म्हणाले. ही गोष्ट शनिवारची. आज सोमवार आहे आणि मी अजून बघतेच आहे.

आता थांबते. दाजींना नमस्कार सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. ऋतुराज तुम्हाला फोन करील. त्याला सांगा की आत्याच्या घरी त्रेचाळीसच आहे आणि तोसुद्धा लहान पडतो. तुमचा शब्द तो मोडत नाही. तुमच्याकडं बत्तीस आहे हे मला माहीत आहे, पण तो काही टेप घेऊन सिल्लोडला येत नाही.

ता. क. दुसरा. मंगळवार. पत्र पेटीत टाकायला निघाले, तेवढ्यात मोहियोद्दीनभाई पेरू घेऊन आले. टीव्ही बघू म्हणाले. वर गेलो. ते टीव्हीकडं बघेनात, त्याच्या उजव्या कडेकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या डोक्याला मागून हात लावला.

"भाभी, ये मेरा है क्या?"

मी हो म्हटलं, सगळं सांगितलं. ते पलंगावर बसले.

"मेरा पोत डालो. मैं तो जिंदा हूं अभी. कोई आके देखा तो समझेगा, ये बी गया."

"रंग न लावता तुमचा ठेवला तर काय बिघडलं?"

"रईसाकू मालूम पडा तो बोलेगी, मैं घर की दीवार कू टेकने नहीं देती, और वहां संभाल के रखे." बायकोचं एवढं सांगून म्हणाले, "बेटे कू कायकू छुपाते भाभी? उसका बाप है वो." आणि जाताना दारातून, "मेरा पूरा पोतना. आधा नक्को."

ता. क. तिसरा. गुरुवार. ऋतुराजला तुम्ही काही सांगू नका, मीच त्याला परवा डागाचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, त्रेचाळीसमागं बाबा पूर्ण बसतात ना?" मी म्हणाले, "बसतात." "मग राहू दे."

दुसऱ्या दिवशी काकासाहेबाला बाकीच्या भिंती दिल्या आणि त्याच्या डब्यातला रंग वाटीत घेऊन मोहियोद्दीनभाईंचे बाहेरचे अडीच इंच मी स्वतः रंगवले. त्यांच्या नऊ इंची डागातले टीव्हीमागचे साडेसहा तसेच ठेवले.