बिनपुढाऱ्याचा कट्टा

कोल्हापूर, ता. ८ जानेवारी २०२५

ती. स्व. आक्का हिस बाळासोचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं जोडतेस, म्हणून कागद घेतला. आपल्या गल्लीतला दूधकट्टा उठवून तिथं गाड्या लावायची जागा करणार आहेत. आपले आबा म्हशी उभ्या करून लोकांच्या पेल्यात समोर धार काढून द्यायचे, तोच कट्टा. महिनाभर गल्ली रोज संध्याकाळी तिथं रस्त्यावर बसते. कुणी बोलावत नाही, कुणी भाषण करत नाही. बायका मेथी निवडतात, म्हशी मध्येच रवंथ करत बसतात आणि मोजमापाला आलेले लोक माघारी जातात.

माझी वर्षाराणी पहिल्या दिवसापासून तिथं आहे. परवा महापालिकेच्या साहेबांशी काय मुद्देसूद बोलली! माझी छाती फुगली. चौकात मोठा फ्लेक्स लावला, ‘कट्टा आंदोलनाच्या झुंजार नेत्या’. तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलत नाही. आता तूच तिला समजाव.

भावावर लोभ आहेच, भाचीलाही दोन ओळी लिही.

तुझा बाळासो

राधानगरी, ता. १३ जानेवारी

चि. बाळासोस अनेक आशीर्वाद.

समजवायचं कुणाला, तिला की तुला? फ्लेक्स लेकीचा, पण खाली शुभेच्छुक म्हणून तुझा फोटो असणारच. न बघता सांगते.

आपल्या लहानपणीही कट्टा उठवायला आले होते, आठवतं? तुमचा पुढारी कोण म्हणून फौजदारानं दरडावलं, तेव्हा आईनं आपल्या चंद्री म्हशीकडं बोट दाखवलं. मग साऱ्या बायकांनी तिच्याकडंच दाखवलं. फौजदार हसला आणि पेलाभर दूध पिऊन गेला. तू ओठावर फेसाची मिशी घेऊन आईच्या पदराआड उभा होतास. किती चांगले दिवस होते रे! आठवलं की अजून डोळे भरून येतात.

धरायला कुणी एक सापडला नाही, म्हणून तेव्हा सगळे वाचले. तू मात्र आपली पोरगी आयती दाखवून दिलीस. तिची शाळेतली नोकरी अजून पक्की नाही, एवढं तरी बघायचं. आजच्या आज फ्लेक्स उतरव.

रागावले तरी धाकटा तूच आहेस. थंडीत कानाला बांधून फिर.

आक्का

कोल्हापूर, ता. २४ जानेवारी

ती. स्व. आक्का हिस सा. न. वि. वि.

फ्लेक्स उतरवला, पण उशीर झाला. रस्ता अडवल्याची नोटीस एकट्या वर्षाराणीच्या नावानं आली. शाळेलाही कळवू, असं त्यात होतं. त्यात निम्मी गल्ली यायची बंद झालेली. नेत्या आहेत की बघायला, आमचं काय काम, असं लोक म्हणत होते.

सुनावणीला ती एकटीच निघाली. मी मागोमाग गेलो, तर कचेरीच्या आवारात अख्खी गल्ली बसलेली, कट्ट्यावर यायची बंद झालेली माणसंसुद्धा. तुम्हांला कुणी आणलं, असं साहेबांनी विचारलं. आपला सायकलवाला बाबालाल म्हणाला, की कुणी आणलं न्हाय, आमचं आम्ही आलोय, आमची बी नावं घाला की नोटिशीत. मग एकेक जण उठून आपलं नाव सांगू लागला. आक्का, आबांच्या वेळचा कट्टाच तिथं भरला होता गं. लिहून लिहून साहेब कंटाळले. कट्ट्याचा निकाल अजून लागायचाय, पण नोटीस त्यांनी मागं घेतली.

माझी पाळी आली. आपण कोण, असं विचारलं. वर्षाराणीचा बाप, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हणालो, की मी बाळासो, रोज कट्ट्यावर दूध प्यायला येतो. वर्षाराणीनं वळून बघितलं, आणि सरकून मला शेजारी जागा केली.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा बाळासो